आधी या, मग मोजा

जानेवारीतल्या एका दुपारी शेवटच्या वर्षाची एक विद्यार्थिनी माझ्या टेबलाशी आली आणि तिने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. ‘मॅडम, ११२ रिस्पॉन्स आले आहेत. आता यावर कोणती टेस्ट लावू?’ मी नाशिकच्या एका महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवते, त्यामुळे सबमिशनच्या तारखा जवळ आल्या की हा प्रश्न मला वनस्पतिशास्त्रापासून मराठीपर्यंत सगळ्या विभागांतली मुले विचारतात. तिचा विषय द्राक्षबागेतील मजुरांची आर्थिक स्थिती हा होता. फॉर्म कोणी भरले असे विचारल्यावर कळले की तो गुगल फॉर्म वर्गाच्या आणि मैत्रिणींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरला होता. बागेत कामाला जाणाऱ्या एकाही माणसापर्यंत तो पोहोचला नव्हता. मैत्रिणींनी मजुरांच्या वतीने, मजुरांना काय वाटत असेल याचा अंदाज बांधून उत्तरे भरली होती.

त्या फॉर्ममधला चौथा प्रश्न ‘आपले मासिक उत्पन्न किती?’ असा होता आणि त्याखाली चार पर्याय दिले होते. मुलगी पेठ तालुक्यातली. तिची आई दरवर्षी ऑक्टोबर छाटणीच्या सुमारास टोळीबरोबर दिंडोरीच्या बाजूला बागांवर जाते, हे मला बोलता बोलता समजले. ‘आईला महिन्याला किती मिळतात?’ मी विचारले. ती हसली. ‘महिन्याला असे नसते मॅडम. एकरावर उक्ते ठरते, ते टोळीत वाटून घेतात. आणि उचल आधीच घेतलेली असते ना, ती त्यातून फिटते.’ म्हणजे ज्या गोष्टीवर प्रबंध लिहिता आला असता ती गोष्ट तिला पाठ होती, पण तिच्या प्रश्नावलीला मात्र तिचा पत्ता नव्हता, कारण ती प्रश्नावली नेटवरच्या कुठल्या तरी जुन्या नमुन्यावरून उतरवलेली होती आणि त्या नमुन्यातल्या माणसांना महिन्याच्या महिन्याला पगार मिळत होता.

ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ आर. ए. फिशर यांनी १९३८ साली भारतात भरलेल्या पहिल्या सांख्यिकी परिषदेच्या अध्यक्षीय भाषणात जे सांगितले ते आमच्या विषयातल्या प्रत्येकाला ठाऊक असते: प्रयोग संपल्यावर संख्याशास्त्रज्ञाकडे जाणे म्हणजे त्याला शवविच्छेदन करायला सांगणे होय, आणि प्रयोग कशाने मेला एवढेच तो फार तर सांगू शकेल. हे वाक्य मी वर्गात इतकी वर्षे सांगत आले, मुले ते वहीत उतरवत आली आणि डिसेंबरनंतर माझ्या टेबलावर नेमाने शव आणून ठेवत आली. त्या मुलीने तिचे काम कसेबसे पूर्ण केले, तिला गुणही बरे मिळाले. पण त्या दिवसानंतर मी विभागाच्या दारावर एक कागद चिकटवला: ‘माहिती गोळा करण्याआधी या. शनिवारी दुपारी दोननंतर. कोणत्याही शाखेचे.’ पहिल्या शनिवारी कोणी आले नाही. दुसऱ्या शनिवारी दोघे आले, त्यातला एक चुकून.

आता या गोष्टीला अभ्यासक्रमाचाही रेटा मिळाला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पदवीचा जो नवा आराखडा जाहीर केला, त्यात चार वर्षांची पदवी संशोधनासह घेण्याची सोय आहे. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा त्याहून अधिक गुण मिळवणाऱ्या विद्यार्थ्याला चौथ्या वर्षी मार्गदर्शकाच्या हाताखाली १२ क्रेडिटचा संशोधन प्रकल्प करता येतो. दुसऱ्या वर्षाला क्षेत्र प्रकल्प आहेच. पदवीच्या मुलांनी संशोधन करावे ही कल्पना अर्थातच नवी नाही. अमेरिकेतल्या एम.आय.टी.मध्ये मार्गारेट मॅकव्हिकर यांनी १९६९ मध्ये पदवीच्या मुलांना प्राध्यापकांच्या चालू संशोधनात सामील करून घेणारी योजना सुरू केली, आणि आपल्याकडे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद १९७९ पासून एम.बी.बी.एस.च्या विद्यार्थ्यांना दोन महिन्यांच्या संशोधनासाठी विद्यावेतन देत आली आहे. फरक इतकाच की पूर्वी हे निवडक मुलांपुरते होते. आता निफाड, सिन्नर, सुरगाण्याहून एस.टी.ने येणाऱ्या, घरात पहिल्यांदाच कॉलेजला गेलेल्या मुलांच्या गुणपत्रिकेतही त्याचा रकाना आला आहे. रकाना आला की तो भरण्याची घाई येते, आणि त्या घाईचा मला सर्वांत जास्त त्रास होतो.

मार्गदर्शक काय करतो, असे मला कोणी विचारले तर मी म्हणेन की तो विषय लहान करतो. मुले येतात तेव्हा त्यांच्या कागदावर ‘गोदावरीचे प्रदूषण : कारणे व उपाय’ किंवा ‘कांद्याचा प्रश्न’ असे काहीतरी लिहिलेले असते, आणि शासनाची अख्खी समिती बसवली तरी ते संपणार नाही. दोन-तीन शनिवार त्या कागदावर घालवल्यावर त्याचा प्रश्न होतो. वनस्पतिशास्त्राचा निफाडकडचा एक मुलगा असाच ‘कांद्याचा प्रश्न’ घेऊन आला होता. घरी उन्हाळ कांद्याची चाळ आहे, चाळीतला कांदा मे ते ऑक्टोबर टिकवायचा आणि भाव बघून काढायचा, हे तो लहानपणापासून बघत आलेला. आमच्या वनस्पतिशास्त्राच्या सरांनी त्याला विचारले, ‘चाळीत कांदा कमी होतो म्हणजे नेमके काय होते?’ तेव्हा तीन वेगळ्या गोष्टी निघाल्या. पाणी उडून वजन घटते, काही कांदा सडतो आणि पुढे पुढे काहीला कोंब फुटतो. शेतकऱ्याच्या तोंडी या तिन्हीला मिळून एकच शब्द असतो, ‘घट’. या तिघांचा वाटा दर आठवड्याला किती बदलतो, एवढाच प्रश्न त्याने घ्यायचा ठरले. बारा क्रेट, प्रत्येकात साधारण २० किलो कांदा, दर रविवारी सकाळी इलेक्ट्रॉनिक काट्यावर वजन, सडलेले आणि कोंब फुटलेले वेगळे मोजायचे, आणि सगळे एका वहीत.

सप्टेंबरमध्ये तो आलेख घेऊन आला तेव्हा खुशीत होता. ऑगस्टमध्ये, ऐन पावसाळी दमटपणात, त्याची सरासरी सड कमी झालेली दिसत होती. सरांचा विश्वास बसेना. हवेत ओल वाढली की सड वाढायला हवी. चाळीत हवा खेळती असेल, जात टिकाऊ असेल, असे तर्क सुरू झाले. मी त्याची वही मागितली. ऑगस्टच्या पहिल्या रविवारपर्यंत बारा आकडे होते, त्यानंतर आठ. ‘चार क्रेट कुठे गेले?’ ‘ते वडिलांनी पिंपळगावला नेले मॅडम. भाव चढला होता.’ ‘कोणते चार नेले?’ इथे तो थांबला. वडिलांनी अर्थातच ज्या क्रेटना वास यायला लागला होता तेच आधी काढले होते, कारण जो कांदा टिकणार नाही तो आधी विकायचा हे कोणत्याही चाळवाल्याला सांगावे लागत नाही. सड कमी झालीच नव्हती. ती बाजारात गेली होती. राहिलेले आठ क्रेट मुळातच चांगले होते, आणि आलेख त्या आठांचा होता.

हा धडा मी वर्गात अर्धा तास फळ्यावर सोडवते आणि परीक्षेत मुले तो गाळतात. या मुलाला तो पुन्हा कधी समजावून सांगावा लागणार नाही.

रसायनशास्त्राच्या मुलीची गोष्ट त्यामानाने लहान आहे. तिने गोदावरीत सोमेश्वर, रामकुंड आणि तपोवन अशा तीन ठिकाणी पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन विंकलर या रासायनिक पद्धतीने मोजला होता आणि तिन्ही ठिकाणचे आकडे जवळजवळ सारखे आले होते. इतके सारखे आकडे पाहिले की मला धडकीच भरते. विचारपूस केल्यावर कळले की ती बादलीने पाणी काढून वरून धार धरून बाटली भरत होती. त्या धारेबरोबर हवा पाण्यात मिसळत होती आणि नदीत जो ऑक्सिजन नव्हता तो बाटलीत येत होता. मग सरांनी तिला रबरी नळी बाटलीच्या तळापर्यंत सोडून, पाणी काही वेळ वाहून जाऊ देऊन, बुडबुडा न राहता बूच लावायला शिकवले. त्यानंतर तपोवनाचे आकडे खाली आले. पण आणखी एक गोष्ट उरलीच होती. ती सोमेश्वरला सकाळी सातला जायची आणि तपोवनात पोहोचेपर्यंत दुपार व्हायची, आणि उन्हात शेवाळ ऑक्सिजन सोडते, त्यामुळे एकाच जागेचा आकडा सकाळी आणि दुपारी वेगळा येतो. जागा आणि वेळ अशा एकमेकींत गुंतल्या होत्या की कशाचा परिणाम किती हे कोणालाही सांगता आले नसते. पुढच्या फेरीला तिने उलट्या क्रमाने जायचे ठरवले. तेवढ्यासाठी भल्या पहाटे तिचा भाऊ तिला स्कूटरवरून तपोवनात सोडायला तयार झाला, हे त्या प्रकल्पाच्या ऋणनिर्देशात यायला हवे होते, आले नाही.

मात्र ज्या कामाने शनिवारच्या बैठकीला खरा रंग चढला ते वाणिज्य शाखेच्या एका मुलाचे होते. त्याला ‘नाशिकमधील बचत गट’ असा विषय सुचवण्यात आला होता आणि त्याला त्याचा कंटाळा आला होता. इतिहासाच्या मॅडम सहज म्हणाल्या, ‘मग पांडवलेणीतला ठेवीचा लेख बघ.’ आम्ही सगळे नाशिकचे, शाळेच्या सहलीपासून पांडवलेणी चढलेलो, पण दहा क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने सुमारे १९०० वर्षांपूर्वी ठेवलेल्या कायम ठेवीचा मजकूर कोरलेला आहे, हे आमच्यापैकी फार थोड्यांना माहीत होते. फ्रेंच अभ्यासक एमिल सेनार यांनी ‘एपिग्राफिया इंडिका’ या कोरीव लेखांच्या नियतकालिकाच्या आठव्या खंडात नाशिकचे लेख भाषांतरासह छापले आहेत, त्यावरून मॅडमनी त्याला ओळ न् ओळ वाचून दाखवली. उषवदाताने ३००० कार्षापण (त्या काळची चांदीची नाणी) गोवर्धनात राहणाऱ्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे कारागिरांच्या संघांकडे, ठेवले, एका श्रेणीकडे २००० आणि दुसरीकडे १०००. पहिल्या रकमेवर शेकडा एक आणि दुसरीवर शेकडा पाऊण असा व्याजाचा दर होता. मूळ रक्कम परत घ्यायची नाही, केवळ व्याज भोगायचे, असेही त्यात स्पष्ट म्हटले आहे. ‘मॅडम, हा तर कॉर्पस फंड झाला,’ मुलगा म्हणाला. आणि दुसऱ्या दरासाठी मूळ प्राकृतात जो ‘पायून’ असा शब्द आहे तो त्याने स्वतःच ओळखला. आपला पाऊण. त्या क्षणी त्याच्या चेहऱ्यावर जे आले ते सांगायला माझ्याजवळ कोणतीही टेस्ट नाही.

त्याच्या डोक्यात वाणिज्याचा प्रश्न आला: शेकडा एक, पण महिन्याला की वर्षाला? व्याजाच्या दरापाशी लेख तसे सांगत नाही. मात्र त्या व्याजातून काय करायचे ते लेखात आहे: लेण्यात वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्यातल्या मुक्कामाला, राहणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण वस्त्रासाठी द्यायचे. मुलाने वहीच्या मागच्या पानावर मांडणी केली. २००० वर शेकडा एक म्हणजे २०. वर्षाला २० असतील तर वीस भिक्षूंना एकेकच कार्षापण येतो. महिन्याला २० असतील तर वर्षाचे २४० होतात, आणि २० गुणिले १२ म्हणजे नेमके २४०. दर महिन्याचा आहे हे त्याने लेखातल्याच दोन आकड्यांवरून सिद्ध केले. अभ्यासकांना हे पूर्वीपासून माहीत आहे, मॅडमनाही होते. पण त्यांनी ते त्याला आधी सांगितले नाही, आणि माझ्या मते त्या वर्षी आमच्या महाविद्यालयात झालेले सर्वांत उत्तम मार्गदर्शन म्हणजे ते न सांगणे होते.

पुढे वाद झाला. दुसऱ्या ठेवीच्या व्याजाचा हिशेब मुलाने तसाच पुढे नेला: १००० वर शेकडा पाऊण म्हणजे महिन्याला साडेसात, वर्षाला ९०, वीस भिक्षूंत वाटले तर प्रत्येकी साडेचार. त्याने अहवालात लिहिले, ‘प्रत्येक भिक्षूस किरकोळ खर्चासाठी साडेचार कार्षापण मिळत.’ मॅडमनी त्या वाक्यावर लाल रेघ मारली. लेखात ही रक्कम ‘कुशणमूला’साठी (बहुधा किरकोळ खर्चासाठी) आहे एवढेच म्हटले आहे, ती प्रत्येकी किती वाटायची ते दिलेले नाही, आणि दगडात जे नाही ते आपण लिहायचे नाही. मुलगा अडून बसला: ‘हिशेब तर बसतो ना!’ मी मध्ये पडले नाही, कारण मला स्वतःलाच ठरवता येईना. माझ्या विषयात आकडा बसणे ही मोठी गोष्ट असते. त्यांच्या विषयात बसणारा आकडा हाच सर्वांत मोठा मोह असतो. १२ हा आकडा गणिताने निघतो आणि दगडावरही आहे, साडेचार हा केवळ गणिताने निघतो. शेवटी त्याने वाक्य ठेवले, पण ‘समान वाटप झाले असे गृहीत धरल्यास’ एवढे शब्द आधी जोडले. मॅडम म्हणाल्या, ‘आता चालेल.’ एका गृहीतकासाठी दोन शनिवार गेले, आणि बचत गटाचा प्रकल्प केला असता तर त्यात अशी किती गृहीतके न लिहिता निघून गेली असती, हे तो मुलगा नंतर स्वतःच म्हणाला.

हे काम ‘आविष्कार’ला पाठवायचे ठरले तेव्हा गंमत झाली. राज्यातल्या विद्यापीठांची ही संशोधन स्पर्धा २००६ पासून राज्यपाल कार्यालयाच्या पुढाकाराने होते. त्यात मानव्यविद्या, भाषा व ललित कला हा एक गट आहे आणि वाणिज्य, व्यवस्थापन व विधी हा दुसरा. फॉर्मवर एकच खूण करायची असते. मुलगा वाणिज्याचा, लेख इतिहासाचा, हिशेब व्याजाचा, वाचन प्राकृताचे. शाखा ओलांडून काम करा असे सगळीकडे सांगतात, पण फॉर्म भरताना कोणत्या शाखेचे ते विचारतातच. त्याने वाणिज्यावर खूण केली. पोस्टर पाहणाऱ्या एका परीक्षकांनी त्याला याचा आजच्या उद्योगाला उपयोग काय असे विचारले, आणि तो परत आला तो जरा खट्टू होऊनच.

शिक्षकांच्या बाजूनेही थोडे सांगायला हवे. तासिका, परीक्षांची कामे आणि निरनिराळ्या समित्यांचे अहवाल यांतून एका मुलाच्या वहीवर तासभर बसणे हे ज्याच्या त्याच्या हौसेवर राहते. वर्गात साठ मुले असतील तर साठ वह्या वाचणे शक्य नसते, आणि मग प्रकल्प म्हणजे ब्लॅक बुक, नुसता बांधीव अहवाल, होते. शहरात अशी दुकाने आहेत जिथे विषय सांगितला की प्रस्तावना, उद्दिष्टे, गृहीतके, पाय-आलेख आणि निष्कर्ष यांसह बांधलेली प्रत मिळते, केवळ नाव आणि रोल नंबर बदलायचा. एकदा माझ्यासमोर आलेल्या प्रतीत नाशिकच्या ग्राहकांचे सर्वेक्षण होते आणि निष्कर्षात कोल्हापूर होते. मला त्या मुलाचा राग आला नाही; त्याला वर्षभर कोणी काही विचारलेच नव्हते. म्हणून आता मी प्रत बघण्याआधी कच्ची वही मागते. खाडाखोड नसलेली, एकाच पेनाने एकाच बैठकीत लिहिलेली वही लगेच ओळखू येते. कांदेवाल्या मुलाच्या वहीला चाळीतली माती लागलेली आहे आणि जुलैच्या एका पानावर, वजनाच्या रकान्यात, ‘लाइट नव्हती, काटा चार्ज नव्हता’ असे लिहिले आहे. त्या रविवारचा आकडा त्याने मनाने भरला नाही, ही गोष्ट मी त्याच्या मूल्यमापनात वेगळी नोंदवली.

पेठची मुलगी पदवी घेऊन गेली, पण तिच्या जागी दुसरी एक जण त्याच विषयावर काम करते आहे. तिने फॉर्म केलाच नाही. छाटणीच्या दिवसांत ती टोळीबरोबर नऊ दिवस राहिली आणि प्रत्येक घरी एकच प्रश्न विचारला: उचल कधी घेतली, कशासाठी, आणि ती किती एकरांनी फिटली? तिच्या तक्त्यात रुपयांच्या रकान्याशेजारी एकरांचा रकाना आहे, आणि अर्थशास्त्राचे सर व मी अजून त्या तक्त्याचे काय करायचे यावर एकमत झालेलो नाही.

या मे महिन्यात कांद्याचा प्रयोग नव्याने मांडला गेला. या वेळी क्रेट सोळा आहेत. वडिलांना भाव आला की विकायला काहीतरी लागणारच, हे मुलाने आधीच धरले आणि चार क्रेट त्यांच्यासाठी मोकळे ठेवले. बाकीच्या बारांवर लाल रंगाने आकडे घातले. कोणते चार वडिलांचे हे त्याने स्वतः ठरवले नाही आणि वडिलांनाही ठरवू दिले नाही. सोळा चिठ्ठ्या केल्या, स्टीलच्या डब्यात टाकल्या आणि आजीला चार काढायला सांगितल्या. आजीने पाच काढल्या. एक परत टाकली, आणि कोणती परत टाकली याची नोंद वहीच्या पहिल्या पानावर आहे.